एफवायला आपटलेल्यांसाठी मेडिकल ॲडमिशनचं पॅकेज: कॉलेज रोडवर नेमकं काय विकलं जातं?

नीटचा निकाल लागला की नाशिकमध्ये कॉलेज रोडपासून कॅनडा कॉर्नरपर्यंत 'ॲडमिशन मार्गदर्शन' असे फलक उगवतात. त्यांचं एक खास गिऱ्हाईक असतं: बारावीनंतर एफवाय बीएस्सीत, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षात, विषय राहिलेला किंवा इंजिनीअरिंग अर्धवट सोडलेला, आता पुन्हा नीट देऊन एमबीबीएस शोधणारा मुलगा, आणि शेजारी त्याच्यापेक्षा जास्त घाबरलेले वडील. पॅकेजचं नाव काहीही असो, आत चारच गोष्टी असतात. पात्रता तपासणी, कागदपत्रं, कॉलेजांची पसंतीयादी आणि फेऱ्यांमधला सल्ला. चारपैकी पैसे मोजावेत अशी एकच, कागदपत्रांची. नेमका तिलाच सगळ्यात कमी वेळ दिला जातो.

पात्रता तपासणीपासून सुरुवात करू, कारण भीती तिथेच विकली जाते. 'मुलाची एटीकेटी आहे, केस अवघड आहे' असं वाक्य ऐकू आलं तर खुर्ची मागे सरकवावी. एमबीबीएसच्या गुणवत्ता यादीत पदवीच्या पहिल्या वर्षाचा एकही गुण धरत नाहीत. यादी नीटच्या ७२० गुणांवर लागते. नीट कितीदा द्यावी याला बंधन नाही आणि वयाची वरची अटही २०२२ मध्ये गेली. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ पूर्ण एवढंच पुरतं. बारावी मात्र बघतात, तीही वेगळ्या हिशोबाने. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून ३०० पैकी खुल्या गटाला १५०, राखीव गटाला १२० हवेत. मराठी आणि आयटीने टक्केवारी ७० वर नेली असली तरी तिन्ही विषयांची बेरीज १४६ असेल तर खुल्या गटातला मुलगा नीटमध्ये ६०० घेऊनही अडकतो. त्यावर उपाय म्हणजे बोर्डाची श्रेणीसुधार परीक्षा, आणि तिचा फॉर्म निकालाच्या कितीतरी आधी भरावा लागतो. ही बेरीज घरी दोन मिनिटांत होते.

बारावीला बायोलॉजी नव्हतंच, म्हणून इंजिनीअरिंगला गेला होता, असा मुलगा असेल तरी दार बंद नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २२ नोव्हेंबर २०२३ च्या सूचनेनंतर हा विषय बारावीनंतर जादा विषय म्हणून देता येतो. प्रात्यक्षिकं कुठल्या ज्युनिअर कॉलेजात होणार, एवढं फॉर्म भरण्याआधी पक्कं करावं.

खरा धोका दुसरीकडे असतो आणि तो बहुतेक पॅकेजवाले उशिरा विचारतात: बारावी कुठून केली? राज्याच्या ८५ टक्के कोट्यासाठी महाराष्ट्राचा अधिवास आणि दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातूनच लागतात, अपवाद मोजके आहेत. क्लाससाठी राजस्थानातल्या कोटा शहरात जाऊन तिथल्याच शाळेतून बारावी दिलेला नाशिकच्या सिडकोतला मुलगा राज्याच्या कोट्यातून बाहेर पडतो. मुख्यतः उरतो तो १५ टक्के अखिल भारतीय कोटा आणि अभिमत विद्यापीठं. पहिल्याच भेटीत हा प्रश्न न विचारणाऱ्याला आगाऊ रक्कम देऊ नये.

आता कागदपत्रं. कॉलेज बदलणाऱ्याची फाइल बारावीतून थेट येणाऱ्यापेक्षा वेगळी असते, हे चांगल्या मार्गदर्शकाला माहीत असायला हवं. टीसी शेवटच्या संस्थेची लागते. ज्युनिअर कॉलेजची मूळ टीसी एफवायच्या प्रवेशाला जमा झालेली असते, म्हणून आता पदवी कॉलेजने दिलेली हवी. ती मिळायला ग्रंथालय, प्रयोगशाळा, फी असं सगळं 'नो ड्यूज' लागतं आणि तिथे आठवडा सहज जातो. प्रवेशाला मात्र मोजके दिवस मिळतात. अखिल भारतीय फेऱ्या घेणारी एमसीसी 'मूळ कागद अमुक कॉलेजात जमा आहेत' हे पत्र स्वीकारत नाही. म्हणून नो ड्यूज आधी उरकून ठेवावं आणि टीसीचा अर्ज सीट लागल्या दिवशी टाकावा. आधीच टीसी काढून बसणं हा उलटा घोटाळा, सीट लागली नाही तर हातचं कॉलेजही जातं. मायग्रेशन सर्टिफिकेटची चौकशीही त्याच खिडकीवर करून घ्यावी. मधल्या वर्षाच्या गॅपच्या प्रतिज्ञापत्रात एफवायला प्रवेश होता हे सरळ लिहावं. 'घरी अभ्यास केला' असं लिहायला सांगणारे सल्लागार आहेत. एफवायच्या तारखेची टीसी त्याच फाइलमध्ये असते, ती खोटं उघडं पाडते.

दाखल्यांसाठी पॅकेजवाला 'आम्ही काढून देऊ' म्हणतो. अधिवास आणि नॉन-क्रीमीलेअर सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार पोर्टलवरून घरबसल्या निघतात. नॉन-क्रीमीलेअरवर 'अमुक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध' असं छापलेलं असतं. मागच्या वर्षीचा दाखला फाइलमध्ये दिसतो म्हणून तो चालतो असं नाही. एमसीसीसाठी ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. जात वैधता मात्र पैशाने लवकर होत नाही. तिचा अर्ज नाशिक-पुणे रस्त्यावर नासर्डी पुलाजवळच्या सामाजिक न्याय भवनात जातो (अनुसूचित जमातींची समिती वेगळी), आणि रिपीटर मुलाने तो नीटच्या फॉर्मसोबतच टाकलेला बरा. नावाचंही बघावं. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, आणि वडिलांच्या नावात एखादी वेलांटी वेगळी. नीटच्या फॉर्मवर दहावीप्रमाणेच नाव असावं. एवढं सगळं एका बैठकीत तपासून देणारा माणूस मिळाला तर त्याची फी वसूल झाली असं समजावं.

पसंतीयादी हा पॅकेजचा दागिना. रंगीत तक्ता, कॉलेजांसमोर हिरवे-पिवळे ठिपके. बहुतेक तक्ते मागच्या वर्षीच्या गुणांवर बेतलेले असतात आणि तिथेच फसतात. खुल्या गटाची पात्रतेची रेषा २०२४ च्या सुधारित निकालात १६२ गुणांवर होती, २०२५ ला १४४ वर आली. पहिला आलेला मुलगा एका वर्षी ७२० वर, पुढच्या वर्षी ६८६ वर. गुण घसरतात, क्रमांक तेवढा हलत नाही. म्हणून मागच्या वर्षीच्या शेवटच्या फेरीचा आपल्या प्रवर्गाचा राज्य गुणवत्ता क्रमांक बघावा. त्या याद्या राज्याची प्रवेशप्रक्रिया चालवणाऱ्या सीईटी सेलच्या संकेतस्थळावर फुकट असतात. क्रम खरोखर हवा तोच लावावा. वर मोठं कॉलेज लिहिलं म्हणून खालचं हातून जात नाही. 'सेफ कॉलेज वर टाका' हा सल्ला मुलाचं थेट नुकसान करतो, कारण वरची पसंती मिळाली की यंत्रणा खाली बघतच नाही.

नाशिककराने दारं ओळखावीत. आडगावचं डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालय आणि घोटीजवळचं एसएमबीटी खासगी, म्हणजे सीईटी सेलच्या अर्जात. नाशिकचं नवं सरकारी कॉलेज, ज्याचं उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झालं, त्याच्या राज्य कोट्याच्या जागाही तिथेच. लोणीचं प्रवरा मात्र अभिमत, त्याला एमसीसीचा स्वतंत्र अर्ज आणि दोन लाखांची अनामत. अखिल भारतीय कोट्याला खुल्या गटाची अनामत दहा हजार असते. दोन्ही अर्ज वेगळे, हे न सांगता 'सगळं आमच्याकडे' म्हणणारे भेटतात.

फेऱ्यांमधला सल्ला फोनवर मिळतो आणि तो घाईत दिला जातो. एमसीसीच्या पहिल्या फेरीत लागलेली सीट सोडली तर काही जात नाही, दुसऱ्या फेरीतली सोडली तर अनामत जाते. तिसऱ्या फेरीत प्रवेश घेतला की सुटका नाही, राज्याच्या पुढच्या फेऱ्याही बंद. राज्याच्या प्रक्रियेत मिळालेली सीटच ठेवायची असेल तर स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म द्यावा लागतो. तो न देता पुढच्या फेरीत वरचं कॉलेज लागलं की आधीची सीट आपोआप रद्द होते, मग वसतिगृहाची फी भरलेली असो वा नसो.

'मॅनेजमेंटची सीट ब्लॉक करून ठेवतो' हे वाक्य पॅकेजच्या शेवटच्या पानावर येतं. नीटच्या पात्रतेशिवाय एमबीबीएसची कुठलीही सीट नाही, संस्था स्तरावरचीही नाही. रोख टोकन मागितलं की तिथून निघावं.

पैसे द्यायचेच असतील तर फक्त कागदपत्रांच्या तपासणीचे द्या, आणि पावती घ्या. नोंदणी मुलाच्याच मोबाइल आणि ईमेलवरून करा. काही जण सोय म्हणून स्वतःचा नंबर टाकतात, मग ओटीपी त्यांच्याकडे जातो आणि पसंतीयादी त्यांच्याच हातून लॉक होते. लॉक झाल्यावर निघणारी पीडीएफ त्याच संध्याकाळी मागून घ्या आणि पहिली दहा कॉलेजं कोड नंबरसकट ताडून बघा.