कांगारू की माणूस, उडी कुणाची भारी?

कोल्हापुरात पोरांत उडीवरून वाद पेटला की कांगारूचं नाव निघतंच. लांब उडीत तो खरोखर नादखुळा आहे. भरधाव सुटलेला लाल कांगारू एका झेपेत 8 मीटरपर्यंत जातो. माणसाचा विक्रम माईक पॉवेलचा, 1991 चा: 8.95 मीटर. पण पॉवेल एक उडी मारून वाळूत बसतो, कांगारू मात्र लागोपाठ उड्या टाकत राहतो! विद्यापीठाच्या मैदानावर टेप धरून 8 मीटर मोजा, डोळे फिरतील.

सगळी करामत टाचेमागच्या जाड शिरेची, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीची. पाय टेकला की ती रबरासारखी ताणते आणि सुटताना तीच ताकद परत देते. म्हणून वेग वाढला तरी कांगारूला फारसा जास्त दम लागत नाही. तोल शेपूट सांभाळते.

उंचीत माझं मत माणसाला. कांगारू साधारण 1.8 मीटर उंच उडतो. उंच उडीचा विक्रमवीर हावियेर सोटोमायोरने 1993 मध्ये 2.45 मीटर ओलांडले. अर्थात माणूस पाठीवर आडवा होऊन दांडी पार करतो. ती पद्धत डिक फॉसबरीने 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकून जगभर नेली.