पाळ्या बदलायच्या आहेत: ग्रुपवर टाकू की लाइनवर जाऊन सांगू?

गोव्यातल्या कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंग खातं सांभाळताना मला दोनदा पाळ्या बदलाव्या लागल्या. पहिल्यांदा परिपत्रक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं, दुसऱ्यांदा पाळी सुरू होताना दहा-बारा जणांच्या घोळक्यात उभं राहून सांगितलं. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यातल्या कलम 9-अ ची 21 दिवसांची नोटीस दोन्ही वेळा बोर्डावर होतीच (त्याच्या जागी आलेल्या 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही मुदत तीच आहे). ते तुम्हीही कराल. प्रश्न त्यापुढचा आहे.

ग्रुप सोयीचा आहे, नाही कशाला म्हणू? सगळ्यांना एकच मजकूर मिळतो, रजेवरच्यालाही. चार ठिकाणी युनिटं असतील तर कदाचित दुसरा इलाजही नसेल.

माझं बिनसलं ते अंगठ्यांवरून. परिपत्रक टाकलं आणि पाच मिनिटांत अंगठेच अंगठे. मी खूश. स्क्रीनशॉट वर पाठवला, ‘सगळ्यांची संमती आहे’ म्हणून. सावकाराच्या कागदावर न वाचता उठवायचे, त्यातलेच हे अंगठे, हे पहिल्या सोमवारी कळलं. दुपारची पाळी रात्री अकराला सुटली आणि वाळपईकडचे सात जण गेटवर उभे. कंपनीची बस फोंड्यापर्यंतच. एकाला विचारलं, अरे, ग्रुपवर बोलला का नाहीस? तो म्हणाला, “सायबा, थंय तुमी सगळे आसात न्हय?” (तिथं तुम्ही सगळे आहात ना?)

घोळक्यात सांगायला वेळ फार जातो. माझा अख्खा आठवडा गेला. तेच तेच सांगताना शब्दही सरकतात. एका सुपरवायझरने ‘अजून काही नक्की नाही’ असं सांगून घोळ घातला, तो निस्तरण्यात दोन दिवस गेले. पण तिसऱ्या दिवशी, एरवी तोंड न उघडणाऱ्या एका ऑपरेटरने रिकाम्या कार्टनचं झाकण फाडलं आणि मार्करने त्यावर रस्ता काढला: फोंडा, उसगाव, वाळपई. वर म्हणाला, चवथ (गणेश चतुर्थी) होऊ दे, मग सुरू करा. आधी केलंत तर अर्धी लाइन रजेवर असेल. दोन्ही गोष्टी आमच्या तक्त्यात नव्हत्या. दोन्ही मान्य केल्या.

तुमच्याकडचं गणित वेगळं असू शकेल. मी ग्रुप बंद केलेला नाही. लाइनवर ठरलेली तारीख आणि बसची वेळ तिथं टाकतो. अंगठे येतात. स्क्रीनशॉट काढत नाही.