नकाशाला महिना कळत नाही : दहा महिने ऑनलाइन नकाशांवर साताऱ्याचे डोंगर फिरल्यावर

गेल्या जुलैत फोनमध्ये ऑफलाइन नकाशे उतरवून घेतले, आता एप्रिल संपत आलाय. मधल्या रविवारांपैकी बहुतेक रविवार मी डोंगरात होते. आम्ही चौघी-पाच जणी, सगळ्या चाळिशी ओलांडलेल्या. अजिंक्यतारा आणि यवतेश्वर रोजच्या चालण्यातले. बाकी चंदन-वंदन, वैराटगड, कल्याणगड, कमळगड, वासोटा. आधी आम्ही कुणीतरी माहीतगार बरोबर असला तरच जायचो. फोनमधल्या नकाशावर भरवसा ठेवून स्वतःहून जायला लागलो ते याच वर्षी. तेव्हा हा अनुभव अगदी नवख्या बाईचा नाही, पण तज्ज्ञाचाही नाही.

ॲपचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण त्याने फारसं काही बिघडत नाही. फुकट मिळणाऱ्या चार-पाच ॲपच्या पोटात डेटा एकच असतो : ओपनस्ट्रीटमॅप. २००४ मध्ये इंग्लंडात सुरू झालेला हा प्रकल्प. रस्ते, वाटा, ओढे, देवळं, सगळं जगभरच्या हौशी लोकांनी भरलेलं, आणि कुणालाही फुकट वापरता येणारं. ॲपगणिक बदलतात ते रंग आणि बटणं. त्यामुळे 'कुठलं ॲप चांगलं' हा वाद आमच्या ग्रुपवर होतो तेव्हा मी गप्प बसते. खरा प्रश्न असतो तो आपल्या डोंगरात कोण फिरलं आणि त्याने काय भरलं हा.

आधी जे मनापासून आवडलं ते. कोयनेच्या खोऱ्यात फोनला रेंज नसते, पण जीपीएसला रेंज लागतच नाही. ते सिग्नल उपग्रहांकडून येतात, फोन ते नुसते ऐकतो. घरच्या वायफायवर महाराष्ट्राचा नकाशा उतरवून घ्यायचा, डोंगरात फोन विमान मोडवर टाकायचा, तरी निळा ठिपका आपल्याबरोबर चालत राहतो आणि बॅटरी संध्याकाळपर्यंत पुरते. हे मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर कळलं, आणि पहिल्यांदा तो ठिपका वासोट्याच्या जंगलात सरकताना पाहिला तेव्हा लहान मुलीसारखा आनंद झाला. झाडी दाट असली किंवा कड्याला चिकटून चालत असलो की ठिपका इकडेतिकडे उड्या मारतो, कारण सिग्नल कड्यावर आपटून येतो. तेवढं समजून घ्यायचं.

उंचीच्या आकड्याने मात्र बरेच दिवस छळलं. महाबळेश्वरच्या विल्सन पॉइंटची उंची साधारण १४३९ मीटर, हे शाळेपासून माहीत. तिथे उभी राहिले तर फोन १३७०च्या आसपास सांगत होता. मैत्रीण म्हणाली, फोन जुना झालाय. तिचा नवा होता, त्यातही तसंच. कारण नंतर वाचलं. जीपीएस उंची मोजतं ती पृथ्वीच्या एका गुळगुळीत गणिती आकारापासून, समुद्रसपाटीपासून नव्हे. आणि आपल्या भागात समुद्रसपाटी त्या आकाराच्या साठ मीटरहून जास्त खाली आहे. काही ॲप ही दुरुस्ती आपोआप करतात, काहींना सेटिंगमध्ये जाऊन सांगावं लागतं. चढ किती राहिला एवढंच बघायचं असेल तर फरक पडत नाही, कारण चूक खालीही तेवढीच आणि वरही तेवढीच. पण गडाच्या पाटीवरच्या आकड्याशी ताडून पाहायला गेलं तर गोंधळ होतो.

याहून मोठी गोष्ट कड्यांची. या नकाशांवरच्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या रेषा, बऱ्याचदा येतात त्या नासाच्या एका मोहिमेतून. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानाने अकरा दिवस रडारने पृथ्वीची उंची मोजली होती. त्यातला एक चौकोन साधारण तीस मीटरचा. मैदानात तीस मीटर म्हणजे काहीच नाही. पण आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांचा. पायऱ्यापायऱ्यांनी चढतो, मधे सपाटी आणि मग एकदम भिंत. ती भिंत तीस मीटरच्या चौकोनात कोंबली की तिचा तासून गुळगुळीत उतार होतो. शिवाय घनदाट रानात रडार जमिनीपर्यंत नीट पोचत नाही, झाडांचे शेंडेच मोजून मोकळं होतं. म्हणून नकाशात 'चढता येईल' असा दिसणारा उतार प्रत्यक्षात दोन पुरुष उंचीचा कातळ निघतो. वैराटगडाच्या माथ्याखालचा कडा आधी नकाशात पाहा आणि मग पायथ्याच्या व्याजवाडीतून मान वर करून पाहा, म्हणजे मी काय म्हणतेय ते कळेल. आमचा नियम आता साधा आहे : रेषा जिथे दाट दिसतात तिथे उतार नाही, कडाच आहे असं धरायचं, आणि वाट काढलेली नसेल तर तिकडे पाऊल टाकायचं नाही.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या शीट्स या बाबतीत वेगळ्याच. नकाशे करणारं हे सरकारी खातं १७६७ सालचं. त्यांचे १:५०,०००चे नकाशे, म्हणजे नकाशावरचे दोन सेंटिमीटर जमिनीवरचा एक किलोमीटर, आता नोंदणी करून पीडीएफ म्हणून उतरवता येतात. फेब्रुवारी २०२१च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनंतर एकूणच नकाशांवरची बंधनं बरीच सैल झाली. सातारकरांसाठी गंमत अशी की ७४ अंश पूर्व रेखांश शहरातूनच जातो. जुन्या क्रमांकांप्रमाणे अजिंक्यतारा आणि कास एका शीटमध्ये (४७ जी/१४), तर जरंडेश्वर शेजारच्या शीटमध्ये (४७ के/२). घरातून पूर्वेला निघालं की लगेच नकाशा बदलायचा.

या शीटवर वाड्या, वाटा जुन्या असतात, नवे रस्ते नसतात. फोनमध्ये त्या उघडायला जड जातात, दोन बोटांनी सरकवता सरकवता जीव जातो. पण एका गोष्टीसाठी मी त्यांच्या प्रेमात पडले. जिथे पाणी असतं ते निळ्यात काढलंय आणि कोरडे पडणारे ओढे काळ्यात. म्हणजे ज्याने पायी फिरून हा नकाशा केला त्याला उन्हाळा माहीत होता. फोनमधल्या रंगीत नकाशात बघितलं तर बहुतेक ओढे सारखेच निळे. ऑगस्टमध्ये छाती दडपवणारा आणि मार्चमध्ये नुसते गोटे उरलेला, दोन्ही एकाच रंगात.

माझी मुख्य तक्रार हीच आहे. नकाशाला महिना कळत नाही.

मार्चच्या शेवटी बामणोलीला गेलो होतो. शिवसागराचं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचं, पाणी मागे सरलेलं. लाँचच्या वाटेवर उभं राहून फोन पाहिला तर माझा ठिपका भर पाण्यात होता. पायाखाली भेगाळलेला गाळ, त्यावर गुरांच्या खुरांचे ठसे, आणि नकाशाप्रमाणे मी बुडालेली. (जाता जाता : नुसतं 'बामणोली' शोधू नका. जावळी तालुक्यात बामणोली तर्फ कुडाळ हे दुसरं गाव आहे. आमची एक गाडी मेढ्याच्या बाजूला तासभर भटकून आली.) वासोट्याची वाटही नकाशात बारा महिने तशीच ठळक. प्रत्यक्षात बामणोलीला वनखात्याची परवानगी काढावी लागते, अभयारण्य असल्याने रात्री राहू देत नाहीत आणि पावसाळ्यात तर तो भाग बंदच असतो. ठळक रेघ पाहून जुलैत निघालेला माणूस काठावरूनच परत येणार.

पाण्याच्या टाक्यांचं तेच. गडावर निळा चौकोन दिसला की आम्ही दोन बाटल्या कमी घ्यायचो. ती सवय फेब्रुवारीत एका टाक्याच्या तळाशी हिरवं डबकं पाहून मोडली. कमळगडावर तर नुसत्या नावानेच फसायला होतं. तिथली कावेची विहीर म्हणजे खडकात खोल उतरत गेलेली गेरूची खाण म्हणा ना, भिंती लालभडक. बघायला अप्रतिम. पण 'विहीर' हा शब्द वाचून तहानलेल्या माणसाने तिच्या भरवशावर चढू नये.

आता जी गोष्ट सांगायला सगळ्यात अवघड जातेय ती.

ऑगस्टपासून मी स्वतः या नकाशात भर घालू लागले होते. खातं उघडायचं, उपग्रहाच्या चित्रावर रेघ ओढायची, 'पायवाट' असं लिहायचं, झालं. दहा मिनिटांत साऱ्या जगाला दिसतं. मराठी नावंही घालता येतात. 'वैराटगड' हे देवनागरीत उमटलेलं पाहिलं आणि मला नशाच चढली. रात्री जेवणं आटपली की बसायचे. वैराटगडाच्या मागच्या सोंडेवर चित्रात एक सरळ, स्वच्छ, पांढरट पट्टा दिसत होता, माथ्याखालपर्यंत गेलेला. एवढी ठळक वाट कुणीच कशी काढली नाही, म्हणत मी ती काढली. चाललेली नव्हते. एकदाही.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी आम्ही व्याजवाडीच्या नेहमीच्या वाटेने गड करून खाली आलो, टपरीवर चहा सांगितला. बाजूच्या बाकावर कऱ्हाडकडची तीन पोरं, अंगभर कुसळं, एकाची ढोपरं फुटलेली. मला म्हणाली, "काकू, तुम्ही त्या मागच्या सोंडेनं नाही ना गेलात? जाऊ नका. नकाशात वाट दाखवतीय, पण तिथं काय वाट नाही. कमरेएवढं गवत आणि पुढं सरळ कडा." आणि फोन पुढे केला. माझीच रेघ. वाकडी एक ठिकाणी, कारण तिथे माझा हात हलला होता.

मी काय म्हणाले? "हो का," म्हणाले. त्यांच्या चहाचे पैसे मी दिले. पोरांना वाटलं काकू प्रेमळ आहेत.

टपरीवाल्याला सगळं माहीत होतं. "ती जाळरेषा हाय वो. फारेष्टवाले दरसाल उन्हाळ्याच्या तोंडाला गवत जाळून पट्टा काढत्यात, वणवा पुढं सरकू नये म्हणून." म्हणजे चित्र उन्हाळ्यातलं होतं. तेव्हा डोक्यात उजेड पडला. पावसाळ्यात आपल्याकडे आभाळ कायम भरलेलं, त्यामुळे उपग्रहाची स्वच्छ चित्रं असतात ती पावसाळा सोडूनची. कुठला तुकडा डिसेंबरचा, तलाव तुडुंब असतानाचा. कुठला मार्चचा, डोंगर भाजून निघालेला असतानाचा. हे तुकडे शेजारी शेजारी जोडून त्यावर आम्ही घरात बसून रेघा मारतो. बामणोलीचा काठ हिवाळ्यातला आणि वैराटगडाची 'वाट' उन्हाळ्यातली, आणि माणूस चालणार ऑक्टोबरात. ढोरवाटाही वरून अगदी पायवाटेसारख्या दिसतात. गुरं जातात तिथून माणूस जाईलच असं नाही, आणि गुरांना गडावर जायचं नसतं, त्यांना चरायचं असतं.

त्या रात्री रेघ पुसली. ऑफलाइन नकाशे लोक महिनोन्‌महिने नवे उतरवत नाहीत, त्यामुळे ती कुणाकुणाच्या फोनमध्ये अजून जिवंत असेल, या विचाराने अजून टोचतं.

पुढे शिकले की या डेटात 'हंगामी' अशी खूण करायची सोय आधीपासून आहे. ओढ्याला लावता येते, टाक्याला लावता येते. वाट कितपत स्पष्ट दिसते तेही लिहिता येतं. फक्त कुणी लिहीत नाही, आणि लिहिलं तरी बरीच ॲप ते रंगात दाखवत नाहीत. आता मी फक्त चाललेली वाट भरते आणि टाक्याजवळ कुठल्या महिन्यात पाणी पाहिलं ते टिपते. कल्याणगडाच्या गुहेतलं पाणी, वर्धनगडाची चढण, चंदन आणि वंदनमधली खिंड, असं थोडं थोडं जमतंय. हे काम फार हळू होतं. वर्षाला चार गड नीट झाले तरी खूप.

इस्रोचं भुवन हे नकाशांचं संकेतस्थळ मी अधूनमधून उघडते, २००९ पासून आहे, सरकारी माहितीचे थर बघायला चांगलं. डोंगरात फोनवर वापरण्याच्या कामाचं मला वाटलं नाही. राज्य सरकारच्या महाभूनकाशावर जमिनीच्या गट नंबरांच्या हद्दी दिसतात. आपली वाट कुणाच्या शेतातून जाते हे आधी कळलं तर बांधावरची भांडणं टळतात. धावणाऱ्या-चालणाऱ्यांच्या फोनमधून तयार झालेले 'उष्ण' नकाशेही (हीटमॅप) पाहिले. त्यांत कुठे गर्दी जाते ते कळतं, आणि गर्दी मलाही कळते.

कुणी घ्यावं? एखादा गड आधी कुणाबरोबर तरी केला असेल आणि दुसऱ्यांदा स्वतःहून जायचं असेल, तर बिनधास्त. परतीच्या वाटेवर धुकं आलं तर आपण आलो ती रेघ फोनमध्ये असते, आणि तेवढ्यासाठीसुद्धा मी हे सोडणार नाही. नोव्हेंबरात वंदनवर ढगांत काहीच दिसेना तेव्हा आम्ही पाचही जणी त्या रेघेनेच खाली आलो. पहिल्यांदा जात असाल तर पायथ्याच्या गावात विचारा, आणि विचारताना 'वाट आहे का' असं विचारू नका. 'आत्ता वाट आहे का' असं विचारा. पाचात गुण द्यायचे तर हिवाळ्यात चार, पावसाळ्यात दोन.

गेल्या आठवड्यात चंदनवरून किकलीत उतरलो. एका रिकाम्या शेतात माणदेशातल्या मेंढपाळांचा वाडा, म्हणजे मेंढरांसकटचा तळ, उतरलेला होता, कोकणातून परतीच्या वाटेवर. मी बांधावर बसून खिंडीची नोंद करत होते तर एक म्हातारबा आले, फोनमध्ये डोकावले. काय करताय विचारलं, सांगितलं. सगळी गावं दिसतात का? दिसतात. ही विहीर? ही बघा. मग म्हणाले, "आमचा वाडा लावा की त्यात, ताई."

"लावला असता बाबा, पण उद्या तुम्ही कुठं असणार?"

"उद्या वाठारच्या अंगाला."

"आणि परवा?"

त्यांनी मेंढरांकडे बोट दाखवलं. "परवाचं त्यास्नी इचारा."