तांबं सांगून ॲल्युमिनियम गळ्यात मारलं: स्वस्त वॉटर कूलिंग सेट घेणाऱ्यांनी आधी हे वाचा

कॉम्प्युटरचा प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायचा (ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचा) आणि खर्चही आवरायचा, असं ठरवून शोधायला बसलं की हा सेट हमखास समोर येतो. २४० मिमीचा रेडिएटर, प्रोसेसरवर बसून त्याची उष्णता पाण्यात सोडणारा ब्लॉक, पंप, टाकी, नळ्या, सहा फिटिंग, सगळं एका खोक्यात. वर्णनात ठळक लिहिलेलं: ब्लॉक शुद्ध तांब्याचा, रेडिएटर तांब्याचा, पंप १८ वॅटचा. आणि किंमत? हेच भाग सुटे घेतले तर जी बेरीज होते, तिच्या ४५ टक्के. मी तो घेतला. पाच आठवड्यांत ब्लॉक चोंदला, रेडिएटरला बारीक भोक पडलं आणि खाली असलेलं ग्राफिक्स कार्ड गेलं. कार्डाची किंमत सेटच्या साडेतीनपट होती.

इतकी वर्षं या विषयात घालवून असं फसावं, याची लाज वाटते. पण गप्प बसलं तर तोच विक्रेता तेच खोकं उद्या दुसऱ्याला विकणार.

सगळ्यात जास्त जळतं ते जाहिरातीतल्या एका चित्रामुळे. ‘फुल लोडवर फक्त ४१ अंश’ असा तो स्क्रीनशॉट. तापमान हिरव्या मोठ्या अक्षरांत. त्याच चित्रात उजवीकडे, बारीक अक्षरांत, प्रोसेसरचा वेग होता: १६०० मेगाहर्ट्झ. त्या चित्रातल्या पिढीचा प्रोसेसर काहीच काम नसताना नेमका याच वेगावर उतरतो. लोडवर असता तर तिथे ४५००च्या आसपास आकडा दिसला असता. म्हणजे मशीन रिकामं बसवून घेतलेलं तापमान ‘फुल लोड’ म्हणून छापलं होतं. तो १६०० मी वाचला होता. वाचून पुढे गेलो. कुठलाही स्क्रीनशॉट बघताना तापमानाआधी वेग, व्होल्टेज आणि लोडची टक्केवारी बघा. तीनपैकी एक जरी कापलेलं असेल तरी तो विक्रेता सोडून द्या.

खोकं उघडल्यावर दुसरी संधी होती. रेडिएटरच्या तोंडाशी, फिटिंग बसते त्या आट्यांवर, काळा रंग पोचलेला नव्हता. आतला धातू पांढुरका होता. तांब्याच्या रेडिएटरला तोंडाशी बहुधा पितळ असतं आणि ते पिवळं दिसतं. मी विक्रेत्याला विचारलं, तर उत्तर आलं, “सीलबंद एआयओ (ऑल-इन-वन, कारखान्यातून भरून येणाऱ्या) कूलरमध्येही ॲल्युमिनियमचा रेडिएटर आणि तांब्याचा ब्लॉक असतोच, काही होत नाही.” हे अर्धं खरं आहे, म्हणूनच गळी उतरलं. एआयओ कारखान्यात सीलबंद होतो, त्यात गंजरोधक मोजून घातलेलं असतं, तो आपण उघडत नाही, आणि तरीही त्याचं आयुष्य मर्यादितच धरलेलं असतं. आपण स्वतः भरतो त्या लूपमध्ये (पाणी फिरतं त्या बंद मार्गात) हा हिशेब कोणी सांभाळत नाही. आणि मुळात प्रश्न ‘चालतं का’ हा नव्हताच. तांबं लिहून ॲल्युमिनियम दिलं होतं, तिथेच परत पाठवायला हवं होतं.

आत काय झालं ते समजून घ्या. तांबं आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात आले की ती बॅटरीच होते. प्रमाण विद्युत विभव बघा: तांबं +०.३४ व्होल्ट, ॲल्युमिनियम −१.६६. ज्याचा आकडा खाली ते झिजतं, म्हणजे ॲल्युमिनियम. माझा ब्लॉक तर ॲल्युमिनियमचाच निघाला, वर तांब्याचा पातळ मुलामा. मुलाम्याला बारीक ओरखडा पडला की भोवती सगळं तांबं आणि मध्ये उघडा पडलेला ॲल्युमिनियमचा ठिपका, म्हणजे सगळी झीज त्या एका ठिपक्यावर. रेडिएटरमध्येही तेच: फिटिंग निकेल चढवलेल्या पितळेच्या, तोंड ॲल्युमिनियमचं, आणि भोक पडलं ते फिटिंगपासून दोन मिमीवर. ब्लॉक उघडला तेव्हा अर्ध्या मिमीपेक्षा बारीक खाचांमध्ये पांढरा, जेलीसारखा गाळ बसला होता, टाचणीने काढला तरी चिकटून येणारा. ते ॲल्युमिनियमचं हायड्रॉक्साइड. लोडवरचं तापमान ६८ अंशांवरून ९१वर गेलं ते यामुळेच, आणि मी आठवडाभर प्रोसेसर आणि ब्लॉकमधली थर्मल पेस्ट बदलत बसलो होतो.

“पाणी डिस्टिल्ड आहे, गळलं तरी शॉर्ट होणार नाही” हा भ्रमही सोडा. बाटलीतलं पाणी वीज वाहत नाही म्हणण्याइतकं शुद्ध असेल, पण लूपमध्ये फिरलं की धातूचे आयन आणि नळ्यांचा मळ त्यात उतरतो. मग ते वाहक होतं.

पाणी भरण्याआधी वजन करा. ब्लॉकची तळपट्टी चार स्क्रू काढले की सुटते. ५० × ५० × ३ मिमी म्हणजे ७.५ घन सेंटिमीटर. तांब्याची घनता ८.९६, म्हणजे ६७ ग्रॅम. खाचा कापल्यामुळे कमी धरले तरी साठच्या आसपास. ॲल्युमिनियम असेल तर २.७० घनतेने २० ग्रॅमच्या आत. माझी पट्टी १८ ग्रॅम भरली. स्वयंपाकघरातला काटा पुरतो याला. रंगावर अजिबात जाऊ नका.

पंपाचं तर काय सांगावं. लेबलवर १२ व्होल्ट, १८ वॅट. म्हणजे पूर्ण वेगाला दीड अँपिअर ओढायला हवेत. मल्टिमीटर लावला तर ०.४ अँपिअर, म्हणजे ४.८ वॅट. ‘ताशी ८०० लिटर’ हा आकडा कुठलाच अडथळा नसताना, नळी मोकळी सोडून मोजलेला असतो, त्याला काही अर्थ नाही. पंपाचा हेड, म्हणजे तो पाणी किती उंच चढवतो, किती मीटर ते विचारा. आणि पूर्ण लूप जोडून परतीची नळी मापाच्या भांड्यात सोडा, टाकीत वरून पाणी घालत राहा, घड्याळ लावा: एक लिटर साठ सेकंदांत यायला हवं. मिनिटाला एक लिटर प्रवाह असला की १४० वॅट उष्णतेने पाणी एका फेरीत फक्त दोन अंशांनी तापतं, त्याहून फार जास्त प्रवाहाची गरजही नाही. माझ्याकडे एक लिटरला तीन मिनिटं दहा सेकंद लागली.

आता तक्रारीचं ऐका. विक्रेता म्हणाला, तुम्ही चुकीचं कूलंट (लूपमध्ये भरायचं द्रव) वापरलं. कुठलं बरोबर ते सेटच्या कागदात लिहिलेलंच नाही. मग म्हणाला, ब्लॉक उघडला म्हणजे वॉरंटी संपली. न उघडता आतला धातू कळणार कसा? ज्या ऑनलाइन बाजारावर घेतला त्यांची परतीची मुदत १० दिवस. गंज लागायला पाच आठवडे. धातू वेगळा असल्याचं ‘उत्पादकाचं प्रमाणपत्र’ आणा म्हणाले. जो फसवतो त्याच्याकडूनच प्रमाणपत्र! ग्राहक तक्रारीच्या हेल्पलाइनवर चार वेळा तक्रार नोंदवली, चार वेगळे क्रमांक मिळाले, चारही ‘निराकरण झाले’ म्हणून बंद. निराकरण कोणी केलं, कधी केलं, विचारायला माणूसच नाही. पोलिसांत गेल्यावर हा व्यवहारातला वाद आहे, इथे नोंद होत नाही, असं सांगून परत हेल्पलाइनकडे पाठवलं. शेवटी विक्रेत्याने स्वतःहून २० टक्के परत देऊ केले, अट एकच: वाईट अभिप्राय काढून टाका. चूक नव्हती तर पैसे कशाचे? मी काढला नाही, आणि कोणीही काढू नये. माझ्यासारख्यांनी काढले म्हणूनच त्या पानावर चांगले अभिप्राय तेवढे उरले होते, आणि त्यांच्यावर विसंबूनच मी घेतला.

कमी खर्चात काय घ्यावं, हे विचाराल तर आधी वॅट काढा. उष्णता वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. ४.० वरून ४.६ गिगाहर्ट्झ आणि १.२० वरून १.३५ व्होल्ट केलं तर ९५ वॅटचे सुमारे १३८ होतात. एवढ्याला चांगला टॉवर एअर कूलर (पंख्याचा, बिनपाण्याचा) पुरतो, गळायला काही नाही. त्यापुढे नावाजलेला सीलबंद २४० मिमीचा एआयओ. स्वतःचा लूप हवाच असेल तर भाग सुटे घ्या आणि पैसा पंपात आणि ब्लॉकमध्ये घाला. रेडिएटर तांब्या-पितळेचा जुना घेतला तरी चालतो, गरम डिस्टिल्ड पाण्याने पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. रंगीत, दुधाळ कूलंट नको, खाचांत बसतं. पारदर्शक, गंजरोधक आणि जंतुनाशक असलेलं घ्या. आणि तुमचा प्रोसेसर इंटेलचा २०१२च्या आयव्ही ब्रिज काळातला मुख्य प्रवाहातला असेल, तर चिपवरच्या धातूच्या झाकणाखाली सोल्डर नसून पेस्ट आहे. तिथे उष्णता आतच अडते, कितीही मोठा रेडिएटर लावून फारसा फरक पडत नाही.

गळती तपासताना बोर्डाला वीज देऊ नका. पॉवर सप्लायच्या २४ पिनी कनेक्टरची हिरवी तार काळीला जोडा, फक्त पंप चालवा, प्रत्येक फिटिंगखाली टिश्यू पेपर ठेवा, २४ तास. पंप कोरडा एक सेकंदही नको. फिटिंग हातानेच आवळा. पान्याने ओ-रिंग चिरते.

आणि पहिल्याच दिवशी तीन फोटो काढून ठेवा: काट्यावर तळपट्टी, रेडिएटरच्या उघड्या आट्या, पंप चालू असताना मल्टिमीटरचा आकडा. परतीची मुदत संपायच्या आत हे तिन्ही तक्रारीला जोडा. माझे फोटो ३६व्या दिवसाचे आहेत. त्यावर उत्तर आलं, वापरानंतरचा पुरावा ग्राह्य नाही.