हार्ट सेफ मदरहुड : बाळंतिणीचं बीपी, मेसेजवर

अमेरिकेत, फिलाडेल्फियातल्या पेनसिल्वेनिया विद्यापीठाच्या डॉक्टरांनी उभी केलेली ही सेवा दिसायला साधी आहे. गरोदरपणात किंवा प्रसूतीच्या वेळी बीपी वाढलेल्या बाईला डिस्चार्ज देताना दंडावर बांधायचं मशीन देतात आणि ते वापरायला शिकवतात. घरी गेल्यावर दिवसातून दोनदा मेसेज येतो. तिने मोजून आकडा उलट पाठवायचा. आकडा ठीक असेल तर तसं उत्तर लगेच येतं, वाढलेला असेल तर डॉक्टरांना कळतं. वेगळं ॲप नाही, पासवर्ड नाही; साधा फोनही चालतो.

वेळ नेमकी साधली आहे. बाळंतपणानंतर बीपी सर्वांत जास्त चढतं ते तिसऱ्या ते सहाव्या दिवशी, आणि तोवर अमेरिकेतली बाई बहुधा घरी गेलेली असते. जुन्या पद्धतीत तिने याच दिवसांत तपासणीसाठी दवाखान्यात यायचं. आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना जपतात. तिथे भरपगारी बाळंतपणाची रजा देणारा देशव्यापी कायदासुद्धा नाही. अंग ओलं असताना तान्हं बाळ घेऊन, गाडीची सोय करून यायचं.

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या २०६ बायकांच्या चाचणीत दवाखान्यात बोलावलेल्यांपैकी ४३.७ टक्क्यांचं बीपी पहिल्या दहा दिवसांत एकदा तरी नोंदलं गेलं, मेसेजवाल्यांपैकी ९२.२ टक्क्यांचं. पुढे हेच आकडे वंशानुसार तपासले. दवाखान्याच्या गटात कृष्णवर्णीय बायकांपैकी ३३ टक्क्यांचं बीपी नोंदलं गेलं होतं, इतरांपैकी ७० टक्क्यांचं. मेसेजच्या गटात कृष्णवर्णीय ९३, इतर ९१. म्हणजे ‘या बायका बोलावूनही येत नाहीत’ हा दोष बायकांचा नव्हता, बोलावण्याच्या पद्धतीचा होता. ज्या देशात २०२३ साली एक लाख जिवंत जन्मांमागे कृष्णवर्णीय मातांचे मृत्यू ५०.३ आणि गोऱ्या मातांचे १४.५ होते, तिथे ही दरी इतक्या स्वस्त उपायाने बुजते, ही फार मोठी गोष्ट आहे.

आकडा खरा यावा म्हणून मात्र पट्ट्याकडे नीट पाहायला हवं. जाड दंडावर नेहमीचा लहान पट्टा बांधला तर बीपी खोटं जास्त दिसतं. ज्यांना सर्वांत मोठा पट्टा लागतो त्यांच्यात वरचं बीपी सरासरी १९.५ ने फुगल्याचं मोजलेलं आहे. म्हणून डिस्चार्जआधी दंडाचा घेर टेपने मोजून घ्यावा. मशीन गरोदरपणात आणि प्री-एक्लॅम्प्सियात (गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर बीपी धोकादायक वाढण्याच्या आजारात) तपासून प्रमाणित केलेलं असावं, कारण या आजारात काही मशीनं बीपी कमी दाखवतात. लघवी करून यावं, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसावं. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या दोन बोटं वर, हात छातीच्या उंचीवर. बाळाला पाजताना किंवा बोलताना मोजू नये.

उणीव मुदतीची आहे. सेवा साधारण पहिल्या दोन आठवड्यांपुरती चालते; प्री-एक्लॅम्प्सिया सहा आठवड्यांपर्यंत येऊ शकतो आणि हृदय कमकुवत होण्याचा आजार त्याहीनंतर. गरोदरपणाशी निगडित निम्म्याहून अधिक मृत्यू प्रसूतीनंतरच्या सातव्या दिवसापासून वर्षभरात होतात. दुसरी उणीव मेसेजने भरून येणारी नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रातल्या साथरोगतज्ज्ञ डॉ. शॅलॉन आयर्विंग २०१७ च्या जानेवारीत, बाळंतपणानंतर तीन आठवड्यांनी वारल्या. त्यांचं बीपी वाढलेलं होतं, त्या पुन्हापुन्हा डॉक्टरांकडे गेल्याही होत्या. मोजलेल्या आकड्याला पलीकडून तातडीचं उत्तर मिळालं नाही तर मशीन कपाटात ठेवल्यासारखंच. ही सेवा घेणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाला म्हणून आधी विचारावं : रात्री दोन वाजता वाढलेला आकडा कोण पाहतं?

वरचं १६० किंवा खालचं ११० किंवा त्याहून जास्त झालं आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तसंच आलं, तर उत्तराच्या मेसेजची वाट न पाहता इमर्जन्सीत जावं. तासाभराच्या आत औषध पोटात किंवा शिरेत गेलं पाहिजे. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, उजव्या बरगडीखाली दुखणं किंवा दम लागणं असेल, तर आकडा कमी असला तरी निघावं. इमर्जन्सीच्या दारातच, नावाच्याही आधी, बाळंतपण किती दिवसांपूर्वी झालं ते सांगावं. पोट दिसत नसलं की ते कुणी विचारेलच असं नाही.