"९७ टक्के उष्णता अडवते" असं सांगून आम्हाला खिडकीची फिल्म विकली, तुम्ही तरी फसू नका

बाबांची खोली पश्चिमेला आहे, दोन मोठ्या काचेच्या खिडक्या, आणि दुपारी तीननंतर तिथे बसवत नाही. बाबांना बीपीचा त्रास आहे म्हणून घाईघाईत काचेला लावायची पारदर्शक फिल्म घ्यायची ठरवली आणि तिथेच चुकलं.

माणूस घरी डेमो द्यायला आला. लाकडी फ्रेममध्ये दोन काचा, एक साधी, एक फिल्मवाली, आणि मागे लाल हीट लॅम्प. साध्या काचेसमोर हात धरला तर चटका बसतो, फिल्मसमोर धरला तर काहीच नाही. बाबा तर थक्कच झाले. मग छोटा मीटर लावून दाखवला, त्यावर ९७ टक्के. आम्ही तिथल्या तिथे हो म्हणालो.

आता सांगते यात फसवणूक कुठे होती, कारण मला हे कळायला पूर्ण उन्हाळा गेला. हीट लॅम्पमधून जे निघतं ते बहुतेक सगळं इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्याला न दिसणारे उष्णतेचे किरण असतात, डोळ्याला दिसणारा उजेड अगदी थोडा. उन्हाचं तसं नाही, उन्हातली साधारण निम्मीच ऊर्जा इन्फ्रारेड असते, ४५ टक्क्यांच्या आसपास दिसणारा उजेड असतो आणि तो उजेडसुद्धा आत येऊन फरशी, भिंत, गादीवर पडला की उष्णताच होतो. आमची फिल्म ७० टक्के उजेड आत सोडते, म्हणजे नुसत्या उजेडातूनच उन्हाची तीसेक टक्के ऊर्जा आत येणार, मग इन्फ्रारेड शंभर टक्के अडवलं तरी! ९७ टक्के उष्णता अडणं शक्यच नव्हतं, हे गणित त्या माणसाला माहीत नसेल असं मला वाटत नाही. आणि तो मीटर फक्त ९५० नॅनोमीटरच्या (लहरीची लांबी मोजायचं एकक) जवळचीच लहर, म्हणजे इन्फ्रारेडचा एक छोटासा तुकडा मोजतो, ऊन ३०० ते २५०० नॅनोमीटरपर्यंत पसरलेलं असतं.

दुसरी गोष्ट याहून वाईट. ही फिल्म उष्णता परतवत नाही, शोषते. दिवा अर्ध्या मिनिटात बंद केला म्हणून काच तापायला वेळच मिळाला नाही. खऱ्या उन्हात तासाभरात काच इतकी तापायची की हात ठेवता येत नव्हता, आणि तापलेली काच बाहेर सोडते तशी आतही उष्णता सोडते, पलंग अगदी खिडकीशी असल्यामुळे बाबांना ती धग थेट अंगावर यायची. महिन्याभरात एक काच तडकली. तडा कडेपासून निघालेला, सुरुवातीला कडेशी काटकोनात, मधला भाग तापलेला आणि फ्रेममधली कड थंड राहिली की काच अशीच जाते. त्यांना फोन केला तर म्हणे काच आधीच कमजोर असेल, आणि वॉरंटीच्या कागदावर बारीक अक्षरात काच वगळलेली होतीच.

खूप मागे लागल्यावर तांत्रिक कागद मिळाला. त्यात एसएचजीसी लिहिला होता, म्हणजे बाहेरून पडणाऱ्या उन्हातली किती उष्णता शेवटी आत येते तो आकडा, शून्य ते एक. साध्या पातळ काचेचा साधारण ०.८६, आमच्या फिल्मसकट ०.६६. म्हणजे आधी १०० येत होती तिथे ७७. हा आकडा पहिल्या दिवशी दाखवला असता तर मी घेतलीच नसती.

सगळ्या फिल्म वाईट असतात असं मी म्हणत नाहीये, परतवणाऱ्या चांगल्या फिल्म असतात. पण "आयआर रिजेक्शन"चा, म्हणजे इन्फ्रारेड किती अडतं त्याचा आकडा ऐकून पैसे देऊ नका, तुमच्या काचेसकट एसएचजीसी किती ते बिलावर लिहून मागा, आणि फिल्ममुळे काच तडकली तर भरपाई कोण देणार तेही. आम्ही शेवटी बाहेरच्या बाजूने शेडनेट ताणलं, ऊन काचेपर्यंत पोचायच्या आधीच अडतं, आणि आता बाबा दुपारी त्या खोलीत झोपू शकतात.

डेमो मागायचाच असेल तर दिवा बाजूला ठेवायला सांगा आणि तुमच्याच खिडकीत, ऊन थेट पडत असताना, निदान अर्धा तास काच तापू द्या. आमच्याकडे तो माणूस सकाळी दहाला आला होता, पश्चिमेच्या खिडकीवर तेव्हा ऊन नव्हतंच.