सेकंडहँड झेरॉक्स मशीन, नऊ महिने आणि साडेआठशे रुपये

मागच्या गुरुवारी सर्व्हिसवाल्याला साडेआठशे रुपये दिले. त्याने मशीनच्या पॅनेलवर नेटवर्कच्या पत्त्यात १ होता तिथे २९ केलं, मग खाली गेटवेच्या, म्हणजे राऊटरच्या पत्त्याच्या ओळीतही १ चे २९ केले, आणि पावती फाडली. चहा धरून अकरा मिनिटं. म्हणजे आकड्यामागे सव्वाचारशे. तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे. नाहीतर मशीनबद्दल चांगलंच लिहिणार होतो, आणि खाली बरंचसं चांगलंच आहे, पण आधी साडेआठशेचं निघणारच.

ऑफिस नारायण पेठेत, पत्र्या मारुतीपासून जवळ, जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर. काम इन्कम टॅक्स आणि जीएसटीचं. दोन कॉम्प्युटर, मी आणि एक मदतनीस ताई. आधीचा छोटा लेझर प्रिंटर कार्ट्रिज प्यायचा. पानामागे दीड रुपया मी स्वतः वहीत लिहून काढला होता. त्यामुळे गेल्या दिवाळीनंतर ४२,००० ला हे जुनं मशीन घेतलं. ए-थ्री, ब्लॅक अँड व्हाइट, मिनिटाला २५ पानं, वर फीडर, दोन्ही बाजूंनी प्रिंट. बाकीचं सगळ्यांना माहीत आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष तिचा नाही. घेताना मीटर, म्हणजे आजवर काढलेल्या पानांचा आकडा, २ लाख ३८ हजारांवर होतं. डीलर म्हणाला, "काका, आत्ता कुठे रुळलंय." सत्तर किलोच्या वरचं ते धूड वाड्याच्या लाकडी जिन्यावरून चार हमालांनी चढवलं, तेव्हा जिना रुळला नव्हता एवढंच सांगतो. हमालांचे १,६०० वेगळे.

घेताना मी एकच प्रश्न विचारला होता, "नेटवर्क आहे ना?" उत्तर आलं, "होऊन जाईल." पुण्यात छप्पन्न वर्षं काढूनही 'आहे' आणि 'होऊन जाईल' यातला फरक माझ्या लक्षात आला नाही. मशीन भिंतीला लावायच्या आधी मागे वाकून बघितलं, तर जिथे केबल खोचायची तिथे दोन स्क्रूंनी बसवलेली पत्र्याची पट्टी. या मॉडेलला नेटवर्क कार्ड वेगळं घ्यावं लागतं, आणि मूळ ऑफिसने ते काढून ठेवलं असावं किंवा डीलरनेच. कार्डाचे ३,५०० सांगितले, २,८०० वर आणले. तुम्ही बघायला जाल तेव्हा दोन मीटरची केबल पिशवीत घेऊन जा, मागे खोचा, दिवा लागतो का बघा आणि कॉन्फिगरेशनचं पान तिथेच प्रिंट करून घ्या. त्या एका पानावर मीटर, मेमरी, नेटवर्क सगळं येतं. डीलरला राग येतो. येऊ द्या.

कार्ड बसल्यावर मशीन सुरू केलं आणि दुसऱ्याच कुणाच्या घरात शिरल्यासारखं झालं. पॅनेलवर स्कॅनची बटणं होती 'अकाउंट्स १', 'अकाउंट्स २' आणि 'एचआर मॅडम'. मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता १० ने सुरू होणारा, म्हणजे कुठल्यातरी मोठ्या ऑफिसच्या नेटवर्कचा. तो बदलायला ॲडमिन पासवर्ड हवा, आणि तो अर्थातच त्या मॅडमना माहीत. डीलरच्या मुलाने सर्व्हिस मोडमध्ये जाऊन रीसेट केलं. त्याआधी मी सहज मेलबॉक्स उघडला तर आत जुनी कागदपत्रं पडलेली. एक होता रजेचा अर्ज : बहिणीचं लग्न, आठ दिवस, खाली निळ्या शाईची सही करड्या रंगात उमटलेली. लग्न होऊन मुलं शाळेत जात असतील आता. या मशीनमध्ये हार्ड डिस्क असते, कॉम्प्युटरसारखीच. २०१० मध्ये अमेरिकेत सीबीएस या टीव्ही चॅनेलच्या बातमीदारांनी चार जुनी कॉपिअर विकत घेतली होती, तेव्हा त्यांतल्या डिस्कवरून पोलिसांचेसुद्धा कागद निघाले होते. आमच्याकडे लोकांचे पॅन आणि आधार येतात. पहिल्याच दिवशी मेनूतून डिस्क पूर्ण पुसून घेतली. उद्या मी हे मशीन विकेन तेव्हाही पुसेन, आणि तुम्हीही पुसा.

प्रिंटिंग. याला दोन दिवस गेले, पण आता नऊ महिने बिनतक्रार चालू आहे. पहिल्या दिवशी विंडोजने स्वतःहून प्रिंटर शोधला, मी खूश. दुपारी मशीन झोपलं आणि कॉम्प्युटरवर 'ऑफलाइन'. उठवलं तरी ऑफलाइन. कारण आपोआप शोधताना विंडोजने डब्ल्यूएसडी नावाचा पोर्ट धरला होता. तो काढून टाकायचा, प्रिंटर हाताने ॲड करायचा, 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी' निवडायचा, पत्ता स्वतः लिहायचा. मग छपाई थेट ९१०० नंबरच्या पोर्टवर जाते आणि मशीन झोपेतूनही उठतं. तरीही ऑफलाइन दाखवलं तर पोर्टच्या सेटिंगमधली 'एसएनएमपी स्टेटस'ची टिक काढा. ड्रायव्हरही बघून घ्या. मी आधी चुकीचा टाकला, तर प्रत्येक पानाच्या डोक्यावर चिन्हांची एक ओळ आणि बाकी पान कोरं, असे चाळीस कागद बाहेर आले, प्लग उपटेपर्यंत. ते चाळीस कागद अजून पाठकोरे म्हणून वापरतो आहे.

खरं दुखणं स्कॅनचं. फीडरमध्ये गठ्ठा ठेवायचा, बटण दाबायचं, पीडीएफ कॉम्प्युटरच्या फोल्डरमध्ये, यासाठीच तर मी हे घेतलं. पण पॅनेल दर वेळी 'कनेक्शन एरर' म्हणायचं. शेअरिंग बघितलं, फायरवॉल बघितली, वेगळा लोकल यूजर केला (विंडोजचा चार आकडी पिन इथे चालत नाही, खरा पासवर्डच लागतो, हेही तेव्हाच कळलं). काही नाही. मग सर्व्हिसवाला आला, तोच, पहिले साडेआठशे. म्हणाला, "काका, विंडोजमध्ये एसएमबी वन चालू करतो, दोन मिनिटांचं काम." चालू केलं की चालतं, हे खरं. पण भाच्याला फोन लावला तर तो ओरडलाच, "मामा, अजिबात नाही!"

गोष्ट अशी. एसएमबी म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्याचं फोल्डर उघडायची विंडोजची भाषा, आणि हे मशीन फोल्डरशी बोलतं ते तिच्या पहिल्या, जुन्या आवृत्तीत. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तो याच आवृत्तीतल्या भगदाडातून, आणि त्याच वर्षी आलेल्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून या जुन्या भाषेत फोल्डर उघडून देणारा भाग नव्या इन्स्टॉलेशनमध्ये बंदच असतो. म्हणजे मशीन नीट बोलत होतं, फक्त ती भाषा समोरच्याने मुद्दाम सोडली होती. सर्व्हिसवाला ती सगळीकडे सरसकट चालू करून देत फिरतो. ज्या कॉम्प्युटरवर दोनशे लोकांचे आधार आहेत, तिथे मी ते करणार नाही.

ईमेलवर स्कॅनचाही प्रयत्न झाला. नुसत्या जीमेल पासवर्डने ३० मे २०२२ पासून होत नाही. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून सोळा अक्षरी ॲप पासवर्ड घ्यावा लागतो. तो पॅनेलवर एकेक अक्षर टोचून टाकला. तरी मशीनचं जुनं एन्क्रिप्शन आणि समोरचं काही जुळलं नाही. सोडून दिलं.

शेवटी भाच्याने व्हिडिओ कॉलवर बसून एफटीपी, म्हणजे फाइली पाठवायची एक जुनी पद्धत, करून दिली. माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर खाली आणला, त्यावर फाइलझिलाचा फुकट सर्व्हर, 'स्कॅन' नावाचा एक यूजर, त्याला एकच फोल्डर. मशीन तिथे टाकतं, आम्ही तिथून उचलतो. एफटीपीवर पासवर्ड उघडाच जातो, म्हणून हे फक्त ऑफिसच्या केबलवर. राऊटरमधून बाहेरचं एकही दार उघडायचं नाही, हे त्याने तीनदा बजावलं. केबल तापकीर गल्लीतून, कनेक्टर बसवून. डिसेंबरपासून ताईंनी हजारो पानं स्कॅन केली असतील. फीडरने चौदा वर्षांपूर्वीची पिवळी पडलेली बिलंही न फाडता ओढली. इथे मी या मशीनच्या प्रेमात पडलो, लपवत नाही.

मग जुलैत, रिटर्नचा हंगाम ऐन भरात असताना, इंटरनेटवाला बदलला (महिन्याला दोनशे वाचतात) आणि नवा राऊटर आला. जुन्या राऊटरचा पत्ता १९२.१६८.१.१, नव्याचा १९२.१६८.२९.१. कॉम्प्युटर आपोआप नव्या वस्तीत गेले. मशीनला पत्ता हाताने दिलेला, ते बिचारं १९२.१६८.१.५० वरच बसून राहिलं. एका खोलीत, एकाच राऊटरला जोडलेले, पण एकमेकांना दिसेनात. राऊटर बदलला आणि मशीन गेलं, यातलं नातं मला कळलं नाही, कारण त्याच गुरुवारी महावितरणने दुरुस्तीसाठी चार तास वीज घालवली होती आणि मी सगळं खापर विजेवर फोडलं. (ओघात सांगतो : हे मशीन छोट्या यूपीएसवर लावू नका. फ्यूजर, म्हणजे कागदावर शाई भाजून पक्की करणारा भाग, तापताना हजार वॅटच्या वर ओढतो, यूपीएस ओरडून मान टाकतो.) सर्व्हिसवाल्याला बोलावलं. पुढचं वर लिहिलंच आहे.

पण ते पूर्ण नाही लिहिलं. तो गेल्यावर प्रिंट येत होती, स्कॅन नाही. फोन केला तर म्हणतो, "स्कॅन वेगळं काम आहे काका, त्याची व्हिजिट वेगळी पडेल." मी फोन ठेवला. ठेवला म्हणजे आपटला.

इथपर्यंतचं रविवारी लिहिलं होतं आणि त्यात त्या माणसासाठी आणखी चार विशेषणं होती. आज बुधवार, ती काढली. कारण सोमवारी मी स्वतः पॅनेलसमोर उभा राहिलो. माळ्यावरच्या कॉम्प्युटरचाही पत्ता बदललाय, आणि मशीनच्या ॲड्रेस बुकात अजून जुनाच लिहिलाय, हे कळायलाच चाळीस मिनिटं. मग ॲडमिन पासवर्ड शोधायचा, जो मी मशीनच्या झाकणाच्या आत पेन्सिलने लिहून ठेवला होता आणि विसरलो होतो. मग तो कीबोर्ड. बोट जोरात रुतवल्याशिवाय अक्षर उमटत नाही, आणि टिंब दुसऱ्या पानावर. १९२ लिहा, पान बदला, टिंब, पान बदला, १६८. दोनदा 'सेव्ह' न करता बाहेर आलो. एकूण दीड तास. स्कॅन झालं तेव्हा ताईंनी टाळ्या वाजवल्या. माझ्या दीड तासाचे मी क्लायंटकडून किती घेतो ते इथे लिहीत नाही, पण साडेआठशेहून जास्त घेतो. अकरा मिनिटांत करणाऱ्याला ते येत होतं, एवढं मान्य.

संध्याकाळी मोठ्या अभिमानाने भाच्याला सांगितलं. तो जरा वेळ गप्प. मग म्हणाला, "मामा, मशीनला हात लावायचाच नव्हता. नव्या राऊटरमध्ये जाऊन त्याचा पत्ता १९२.१६८.१.१ करायचा. सगळं आपोआप पूर्वीसारखं झालं असतं."

आता राऊटरचा पत्ता बदलत नाही. बदलला तर मशीन पुन्हा हरवेल, आणि २९ साठी पैसे मोजलेत. मशीनच्या अंगावर पांढऱ्या टेपवर तिन्ही पत्ते मार्करने लिहून चिकटवलेत : राऊटर, मशीन, माळ्यावरचा कॉम्प्युटर. खाली ताईंनी आपणहून तारीख टाकली आहे.

हिशेब म्हणाल तर मशीन, कार्ड, हमाल आणि दोन व्हिजिट धरून ४८,१०० गेले. मीटर २ लाख ५९ हजारांवर आहे, म्हणजे २१,००० पानं. दीड रुपयाप्रमाणे साडेएकतीस हजारांची. टोनर दोनदा भरला, ड्रम अजून तोच आहे, पानाच्या डाव्या कडेला एक बारीक रेघ येते पण रिटर्नच्या कॉपीवर कोण बघतंय. घेऊ का विचाराल तर घ्या, मी परत घेईन, केबल घेऊन जाऊन.

काल सर्व्हिसवाल्याचा फोन आला होता. वर्षाची एएमसी, म्हणजे देखभालीचा करार, घ्या काका, सहा हजारांत, कितीही व्हिजिट. साडेआठशेने भागलं, सात व्हिजिट होतात आणि वर पन्नास उरतात. ते पन्नास कशाचे, एवढंच विचारलंय. उत्तर आलं नाही अजून.